दुसऱ्या जेवणापर्यंत थांबणाऱ्या ताई

सुमनताईंची आन् माझी पहिली गाठ पडली ती आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, ऐन भाकरीच्या टायमाला. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट हाय. मंचर आन् नारायणगावच्या मधी, हायवेपासनं आत, आमचा आश्रम. मी तिथं स्वयंपाकाला व्हते. ताई सरकारी दवाखान्यातनं सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. पांढरी साडी, मनगटावर घड्याळ, पायात कापडी बूट. दारात उभ्या राहिल्या आन् म्हणाल्या, "तुमच्यातलं एखादं म्हातारं माणूस इथं चहा करायला आणू का?"

मी म्हणलं, "चहा पायजे तर मी देते. म्हातारं कशाला?"

"मला नकोय चहा. त्यांनी करायचाय."

"आन् भाजलं म्हंजे? निस्तरायचं कुणी?"

"मी. मलम आहे माझ्याकडे."

मला वाटलं, आली आणखी एक. आश्रमात अशी माणसं लई यायची. केळी वाटायची, फोटो काढायची, "आजी, कशा आहात" इचारायची आन् आजीनं तोंड उघडायच्या आत गाडीत जाऊन बसायची. ताई तसल्या न्हवत्या हे कळायला मला चार-आठ दिवस लागलं.

त्यांचं काम काय व्हतं ते सांगते, म्हंजे पुढचं समजंल. आश्रम भरला व्हता. अंथरुणाला खिळलेलं माणूस घिऊन लोकं दारात यायची आन् खाट न्हाई म्हणून तसंच परत जायची. आत बघावं तर काही जणं चांगली हिंडती-फिरती. कुणाला घरी भांडण झालं म्हणून आणलेलं, कुणाला आजारपणात आणलं ते न्यायचंच राहून गेलेलं. तवा आश्रमाच्या अध्यक्षांनी ताईंना बोलावलं. एकेकाला नीट बघायचं आन् सांगायचं, हे माणूस हितंच ठिवायला पायजे, का घरी राहू शकतंय, का गावातच एक वेळचा डबा आन् चौकशीला एक माणूस दिला तर त्याचं भागंल. दोन तालुक्यांतली माणसं व्हती, जुन्नर आन् आंबेगाव. ताईंनी ते काम पुढं कित्येक वर्षं केलं.

त्या प्रश्न लई कमी इचारायच्या. त्यांचं म्हणणं असं, की म्हाताऱ्या माणसाला "तुम्हाला जमतं का" असं इचारून काय उपेग न्हाई. ज्याला घरी जायचंय तो म्हणणार मला समदं जमतं. ज्याला जायचं न्हाई तो म्हणणार मला पेला बी उचलत न्हाई. दोघं बी खोटं बोलत्यात, आन् दोघांचं बी चूक न्हाई. म्हणून ताई काम सांगायच्या. चादरीचं एक टोक आपण धरायचं, दुसरं म्हातारीच्या हातात द्यायचं आन् घडी घालायची. घडी घालता घालता त्यांना समदं दिसायचं, हात किती वर जातोय, चादर सरळ हाय का वाकडी ते कळतंय का.

आमच्यात सदूबाबा म्हणून एक व्हते. छाती काढून चालायचे. रोज म्हणायचे, "मला सोडा, मी एकटा राहीन, मला काय धाड भरलीय?" ताईंनी त्यांना चहा करायला आणलं. बाबांनी पातेलं ठिवलं, साखर घातली, परत साखर घातली, पावडर घातली आन् मोरीकडं बघत उभे राहिले. पाणी घालायचंच इसरले. पातेलं करपलं तवा मलाच म्हणाले, "गॅस खराब हाय तुमचा." मला हसू आलं. ताई हसल्या न्हाईत. त्यांनी पातेलं उतरवलं आन् म्हणाल्या, "बाबा, तुम्ही इथंच राहायचं. एकटं राहणं आता तुम्हाला धोक्याचं आहे." बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी आपलं आपण येऊन म्हणाले, "बाई, तुमी तोंडावर बोललात. आमच्या घरात समदे भिंतीकडं बघून बोलायचे."

तोंडावर बोलणं हा ताईंचा पहिला गुण. त्या एकदा चुकल्या बी, आन् ते बी त्यांनी तोंडावरच सांगितलं. ती गोष्ट भागूबाईची. ताईंच्या गौरवाच्या ह्या अंकात चूक कशाला लिहायची, असं कुणी म्हणंल. पण ताईंचं मोठेपण मला त्यातनंच समजलं, तवा तीच लिहिते.

भागूबाई खोडदची. नवरा गेलेला, मूलबाळ न्हाई. ताप येऊन दवाखान्यात पडली तवा पुतण्यानं, तानाजीनं, "बरं वाटंपर्यंत" म्हणून आश्रमात आणून सोडली. बरं वाटलं, न्यायला कुणी आलं न्हाई. म्हातारी लई खमकी. गुडघं दुखायचं, एका कानानं कमी ऐकू यायचं, डोळ्याला जरा अंधुक दिसायचं, बाकी काय न्हाई. नवऱ्याच्या वाटणीची एक खोली तानाजीच्या अंगणाला लागून व्हती, तिच्यात तिचा जीव. ताई दिसल्या का रेशनच्या लाइनीत उभी असल्यासारखी इचारायची, "ओ बाई, माझा नंबर कवा?"

तिनं चहा केला तवा पहिला पेला माझ्यापुढं आदळला. "घे हौसे, पी. तुझ्यापरीस बरा झालाय." झाला व्हता.

ताईंनी तानाजीला कळवलं, अमक्या दिवशी घर बघायला येतोय. अध्यक्ष म्हणाले दोघी जा, म्हणून ताईंच्या संगं मी. भागूबाईला घिऊन आमी यष्टीनं नारायणगाव गाठलं आन् तिथनं खोडद. वाटंत खोडदच्या त्या आभाळाकडं तोंड केलेल्या मोठ्या दुर्बिणीच्या थाळ्या दिसाया लागल्या तशी म्हातारी सीटवरनं उठून उभीच राहिली. कंडक्टर म्हणला, "आजे, बस की, पडशील." ती म्हणाली, "तू तिकिटं फाड."

तानाजीचं अंगण सारवलेलं, दारात रांगोळी. त्याची बायको मंदा डोक्यावर पदर घिऊन पाया पडली. आमाला खुर्च्या, भागूबाईला बी खुर्ची, वर नवी चादर. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया. म्हातारी पाण्याला उठाया लागली का मंदा धावायची, "आत्याबाई, बसा तुमी, मी देते." शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या. निघताना माझी ओटी भरली, ताईंना आन् भागूबाईला नारळ दिला. यष्टीत ताई म्हणाल्या, "घर चांगलं आहे, हौसाबाई." मी बी म्हणलं, चांगलं हाय. पोटात तीन पोळ्या व्हत्या, मी वाईट कशाला म्हणीन?

भागूबाई घरी गेली. जाताना आश्रमाच्या फाटकाला हात जोडून म्हणाली, "राम राम, परत न्हाई भेटायचं."

कांदा काढायच्या दिवसांत तानाजीच तिला जीपमधनं परत घिऊन आला. हात गळ्यात बांधलेला. हौदापाशी घसरून पडली व्हती, आन् सकाळी पडलेली म्हातारी दिवस मावळता घरच्यांना दिसली. कुणी मारलं न्हाई, उपाशी ठिवलं न्हाई. मंदा संगं आली व्हती. ती रडली न्हाई, भांडली बी न्हाई. म्हणाली, "ताई, आमी तिला टाकली न्हाई हो. उजाडता कांद्यात जातो, दिवस मावळता येतो. दुपारची भाकर झाकून ठिवतो. मी घरी बसले तर कांदा कोण काढणार? तुमीच सांगा."

काय सांगणार? खरंच व्हतं.

आश्रमाची मीटिंग झाली. चहा द्यायला मी आत गेले व्हते, म्हणून कानांनी ऐकलंय. कुणी इचारायच्या आदी ताई उभ्या राहिल्या आन् म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी सणाचं घर बघून आले आणि रोजचं घर चांगलं आहे असं सांगितलं." अध्यक्ष चांगले माणूस, पण त्यांना बदनामीची लई भीती. ते म्हणाले, "सिस्टर, आता बास. हितनं पुढं एकाला बी भाईर धाडायचं न्हाई. कुणाचं बरं-वाईट झालं तर बोल आमाला." म्हंजे ताईंचं काम तिथंच संपलं. ज्यांचे नंबर लागायचे व्हते तेबी तिथंच अडकले.

ताई मीटिंगमधनं भागूबाईच्या खाटेपाशी गेल्या आन् जे ठरलं ते सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "बाई, चूक तुमची न्हवं का?"

"माझी."

"मंग जलमठेप मला व्हय?"

ताई तिथनं उठल्या त्या माझ्यापाशी येऊन तांदूळ निवडायला बसल्या. अर्धं सूप निवडलं. मंग म्हणाल्या, "हौसाबाई, आपल्याकडं पाहुणा आला की घर एक जेवण पाहुण्याचं घालतं. आपण दोघी पाहुण्या होतोच. पण त्या दिवशी भागूबाईसुद्धा पाहुणीच झाली की. तिला उठू दिलं नाही, भांडू दिलं नाही. मी बघितलं काय मग? पाहुणचार बघितला."

"मंग आता?"

"आता दुसऱ्या जेवणापर्यंत थांबायचं."

कळवल्याबिगर आमी परत खोडदला गेलो, सुगीच्या ऐन गर्दीत. घरी न्हाई गेलो, सरळ शेतात. मंदा बांधावरनं ओरडली, "अगंबाई, पावणं! आन् मी ह्या अवतारात!" ताईंनी बूट काढले, विळा मागून घेतला आन् कांद्याची पात कापायला बसल्या. मी बी बसले. मंदाला राहवंना. ती पळत घरी गेली आन् शिरा करून घिऊन आली. ताईंनी मुकाट्यानं शिरा खाल्ला. ते झालं पावण्याचं जेवण.

दुपार कलली तशी मंदा म्हणाली, "ताई, यष्टी जाईल की."

"जाऊ दे."

"मुक्कामाला राहणार?"

"तुझी हरकत नसेल तर."

संध्याकाळी ती बाई इतकी थकलेली, की पावणं-बिवणं समदं इसरली. तानाजीला म्हणाली, "चूल पेटवा तुमी, माझ्यात जीव न्हाई." सकाळच्या भाकरी, ठेचा, दह्याची वाटी. एकाच ताटात मंदाच्या दोघी पोरी भांडत जेवल्या. आमाला कुणी "घ्या-घ्या" केलं न्हाई. जेवता जेवता मंदा आपलं आपण बोलाया लागली. "ताई, खरं सांगू का? म्हातारी हितं असताना दिवसभर शांताबाईच्या दारात जाऊन बसायची. तवा मला घोर नव्हता. मीच बंद केलं."

"का?"

मंदा तानाजीकडं बघाया लागली. तानाजी म्हणला, "भावकी बोलाया लागली. त्यांच्या वस्तीत आमची चुलती दिवसभर बसती, पाणी पिती."

शांताबाई बौद्ध समाजाची. रस्त्याकडंला घर, शिलाई मशीन, गावाची ब्लाऊजं तीच शिवायची. म्हंजे दिवसभर घरात असणारी गावातली एवढीच बाई. भागूबाईचं तिकडं जाणं बंद केलं, म्हातारी घरात एकटी राह्यला लागली, आन् त्याच्यानंतर हौदापाशी पडली. हे पुरणपोळीच्या दिवशी कोण सांगणार व्हतं?

दुसऱ्या दिवशी आमी शांताबाईकडं. तिनं बी पहिल्यांदा चांगलं भांडं काढलं, पोहे केले, सतरंजी अंथरली. ताई हलल्याच न्हाईत. काज-बटणाला बसल्या. दुपारनंतर शांताबाईनं त्यांच्या पुढ्यात परात सरकावली. "ताई, पीठ मळा. मला दोन ब्लाऊजं आजच द्यायचीत." ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी ओळखलं, जागा पसंत पडली.

मंग ताईंनी इचारलं, भागूबाईला दिवसभर सांभाळशील का? आश्रमात तिच्यावर जो खर्च व्हतो त्यातला वाटा तुला मिळंल, रात्रीला ती तिच्या खोलीत जाईल. शांताबाईनं पायडलवरचा पाय काढला.

"सांभाळीन. पण चाकरी न्हाई करणार. आन् आणखी एक. ओट्यावर बसायचं आन् पाण्याला घरनं तांब्या मागवायचा, हे मला चालायचं न्हाई. माझ्या घरात बसायचं तर माझं पाणी प्यायचं, माझी भाकर खायची. ते जमत असंल तर आणा."

ताई म्हणाल्या, "रास्त आहे." आश्रमात आल्यावर त्यांनी ते भागूबाईला जसंच्या तसं सांगितलं, तानाजीला बी बोलावून घेतलं व्हतं. म्हातारी त्याच्याकडं बघून म्हणाली, "तिचं पाणी मी आजवर चोरून पेत व्हते. आता उघड पीन. बोल."

तानाजी म्हणला, "काकू, भावकीला मी काय सांगू?"

ताई म्हणाल्या, "भावकीतलं कोण दिवसभर घरी असतं, त्याचं नाव सांगा. मी यांना तिथं ठेवते." तानाजीनं पुष्कळ इचार केला. नाव काय निघालं न्हाई. समदी कांद्यात.

राहिले अध्यक्ष. ते म्हणाले, एकदा तोंड भाजलंय, आता परत न्हाई. ताई म्हणाल्या, मग तुम्हीच चला आणि बघून ठरवा, तुमचा शब्द शेवटचा. भागूबाईला आमी चार दिवस आदी शांताबाईकडं नेऊन ठिवलं, आन् मंग अध्यक्ष जीपनं आले. पांढरं धोतर, कडक टोपी. त्यांना वाटलं नारळ-शाल असंल. शांताबाईनं शिरा केला, कपबशीत चहा दिला. खाऊन झाल्यावर अध्यक्ष उठले.

ताई म्हणाल्या, "बसा साहेब. हे एक जेवण झालं, अजून एक आहे."

"सिस्टर, मला मीटिंग हाय."

"हीच मीटिंग आहे."

कुरकुरत बसले. थोड्या येळानं दोघी म्हाताऱ्या-तरण्या त्यांना पार इसरल्या. भागूबाईनं ब्लाऊज उचलून डोळ्यापाशी धरलं.

"शांते, ही बाही वाकडी झालीय."

"तुमाला दाराबाहेरचं म्हसरू दिसत न्हाई आन् बाही दिसती व्हय?"

"बोटाला कळतंय. उसव."

"आवं, गिऱ्हाईक दारात येतंय!"

"येऊ दे. वाकडं घालून जाईल का?"

शांताबाईनं बडबडत बाही उसवली. मंग भागूबाई अध्यक्षांना म्हणाली, "ओ अध्यक्ष, पाय घ्या वर. चिंध्या गोळा करायच्यात." अध्यक्षांनी मुकाट पाय वर घेतले. आश्रमात त्यांच्यापुढं कुणी खोकत बी नव्हतं.

दिवस मावळायला आला तसं पिठलं-भाकर झाली. जर्मनचं, म्हंजे अल्युमिनचं ताट अध्यक्षांच्या पुढं सरकवलं आन् ज्या त्या आपापल्या जेवाया लागल्या. अध्यक्षांनी दोनदा हिकडं-तिकडं बघितलं, मंग स्वतःच हात लांब करून पिठलं घेतलं. ताईंना हळूच म्हणाले, "सिस्टर, हितं मला कुणी इचारंनाच झालंय."

"होय साहेब. भागूबाईलाही कुणी पाहुणी समजत नाही. तेच बघायला आणलंय तुम्हाला."

अध्यक्षांनी घास खाल्ला. मंग भागूबाईला इचारलं, "आजी, परत पडलात म्हंजे?"

"पडीन की. तुमच्या आश्रमात कुणी पडत न्हाई व्हय? हितं हाक मारली तर हिला ऐकू येतंय."

"आन् हिनं हाकलून दिलं तर?"

शांताबाई म्हणाली, "रोजच हाकलते. जात न्हाईत."

अध्यक्ष हसले. हात धुताना म्हणाले, "ठिवा हिला हितं. पण हप्त्याला बघाया तुमी जायचं, सिस्टर. कळवून न्हाई." म्हंजे त्यांना बी समजलं. त्या दिवसापासनं आश्रमाचा नियमच झाला, की ताई दुसऱ्या जेवणापर्यंत थांबल्याबिगर कुणाला धाडायचं न्हाई.

आता कुणी म्हणंल, ताईंनी समद्यांना घरी धाडलं. तसं न्हाई. लई जणांना त्यांनी आश्रमातच ठिवलं, आन् ते जास्त अवघड व्हतं. अवसरी खुर्दचे एक बाबा व्हते. पोरगा गोड बोलायचा, "बापाला नेतो, माझा देव हाय तो." ताई जाऊन थांबल्या. पहिलं जेवण मटणाचं झालं. दुसऱ्या जेवणापर्यंत समजलं, बापाच्या खोलीत कॉलेजची पोरं भाड्यानं ठिवलीत, आन् बाप आल्यावर निजणार कुठं हे घरात कुणी बोललंच नव्हतं. ताईंनी "नाही" म्हणून सांगितलं. पोरगा आश्रमात येऊन ओरडला, आमची बदनामी केली म्हणला. ताईंनी त्याला पाणी दिलं आन् म्हणाल्या, "खोली रिकामी झाली की या. मी परत येते बघायला." बाबांना बी त्यांनी खरं ते सांगितलं, आन् सांगून झाल्यावर त्यांच्याजवळ बसून राहिल्या. तेवढं बसणं बी त्या आपलं कामच समजायच्या.

माझ्यापुरतं एक सांगते. माझ्या मालकांचं एक अंग लुळं पडलं तवा मी काम सोडायला निघाले. घरी दुसरं माणूस न्हाई. ताई घरी आल्या. धीर-बीर काय दिला न्हाई. बाही वर केली, मालकांना कुशीवर कसं वळवायचं, पाठीला उशी कुठं लावायची, ते माझ्याकडनं दोन-तीनदा करवून घेतलं. मंग म्हणाल्या, "काम सोडू नका. सकाळी यांना इथं घेऊन या, दिवसभर आश्रमात खाटेवर राहतील, संध्याकाळी घरी न्या." मी म्हणलं, नियमात बसंल का? त्या म्हणाल्या, "बसवू." अध्यक्षांशी दोन दिवस बोलत व्हत्या. बसवलं. मालक जाईपर्यंत मी स्वयंपाक बी केला आन् त्यांना बी बघितलं. ताईंनी ते पुन्हा कधी बोलून दाखवलं न्हाई. मी बी कधी आभार मानले न्हाईत. आता मानते.

तर आता ताईंना पंच्याहत्तर वर्षं पुरी झाली. सत्काराची मंडळी माझ्याकडं आली आन् म्हणाली, भागूबाईला स्टेजवर आणा, तिच्या हातनं ताईंना शाल देऊ. म्हातारी अजून हाय. शांताबाईच्या मशीनला आता मोटर बसलीय, मंदा रोज सकाळी तिकडंच दूध धाडती, आन् भावकीतल्या बाया ब्लाऊज टाकायला येत्यात तवा तिथंच चहा पित्यात.

मी गेले इचारायला. भागूबाई आता वाकलीय, पण तोंड तसंच. म्हणाली, "कार्यक्रम कुठं?"

"आश्रमात. मांडव घातलाय मोठा."

"मंग मी न्हाई येत."

"अगं, ताईंचा सत्कार हाय!"

"असंल. हौसे, त्या फाटकातनं मी दोनदा आत गेले, आन् दोन्ही बारीला मला लौकर भाईर येता आलं न्हाई. आता ह्या वयात कोण जाईल? चुकून ठिवून घेतलं तर?"

"आता कोण ठिवून घेतंय तुला?"

"तुला काय माहीत? बाईंना सांग, भागू आली न्हाई. कुणाच्या बोलावण्यावर भागू आता घर सोडत न्हाई, म्हणाव."

शांताबाई मशीन थांबवून म्हणाली, "हौसाबाई, तसंच सांगा. फिरवू नका."

मी फिरवलं न्हाई. ताईंच्या घरी जाऊन सांगितलं. ताई इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळं पुसाया लागल्या. म्हणाल्या, "नका आणू तिला. अजिबात नका आणू. शाल तुम्हीच द्या." तवा स्टेजवर भागूबाई दिसली न्हाई तर कुणी नाराज व्हऊ नका. ती आली न्हाई ह्याच्यात ताईंचं समदं काम आलं.

ओझरच्या गणपतीला मी सांगून आलेय, ताईंच्या गुडघ्यांना आन् डोळ्यांना काय व्हऊ देऊ नको. पुष्कळ वर्षं मिळोत त्यांना, बिनआजाराची, हिंडती-फिरती. आन् ताईंनी कुठं राहायचं हे कधी कुणाला ठरवायची पाळी आलीच, तर त्यानं आदी ताईंना इचारावं आन् त्या सांगतील तसंच करावं.